आधी करिअर, मग स्टार्टर: पोकेमॉन आरपीजीत पात्राचं पान कसं भरायचं

गेल्या रविवारी परत तेच झालं. नवीन आलेल्या गड्यानं वहीची तीन पानं भरून आणलेली, वर चारिझार्डचं चित्र, ज्वाळा बिळा सगळं स्केचपेननं रंगवलेलं, आणि करिअरच्या रकान्यात काय तर ‘नंतर ठरवू’. खेळ सुरू झाला, पहिल्याच गवतातनं एक पिजी निघाला आणि तेव्हा साहेबांच्या लक्षात आलं की आपल्याकडं चारिझार्ड नाय, त्याचं लहानपणचं रूप, लेव्हल ५ चा चारमँडर आहे, त्याला ओरखडायला येतंय आणि गुरगुरायला येतंय, बास. तोंड एवढंसं झालं.

ज्यांना माहीत नाय त्यांच्यासाठी, आम्ही सांगलीत विश्रामबागला एका मित्राच्या गच्चीवर पोकेमॉनचा आरपीजी खेळतो, म्हणजे स्क्रीनवर नव्हे, वही पेन्सिल घेऊन, प्रत्येकानं एक पात्र घ्यायचं आणि जग मी चालवायचं, म्हणून मला सगळे मास्तर म्हणतात. लेव्हल, मूव्ह (पोकेमॉनच्या चाली), किमती हे सगळं आम्ही २००४ च्या फायररेड ह्या गेममधलं धरतो, कारण ती जवळजवळ सगळ्यांनी खेळलेली असते, आणि बाकीचे नियम घरचे. हे दर रविवारी तोंडी सांगून घसा बसला म्हणून एकदाच लिहून टाकतोय.

सगळ्यांची मूळ चूक एकच असते. आधी पोकेमॉन (पहिला, म्हणजे स्टार्टर) आवडतो आणि मग त्याला कुठलं तरी करिअर चिकटवलं जातं. हे उलटं करा. करिअर ठरलं की पात्राचा दिवस कसा जातो ते ठरतं, आणि दिवस ठरला की त्यात कुठला पोकेमॉन कामाला येईल ते आपोआप दिसायला लागतं.

## तयारी: बसायच्या आधी काय काय पाहिजे

एक वही, पेन्सिल, खोडरबर, सापशिडीतले दोन फासे आणि सारख्या आकाराच्या आठ चिठ्ठ्या. चिठ्ठ्या कशाला ते पुढं येईल. पेन आणू नका, लेव्हल वाढली की एचपी (पोकेमॉनचा जीव) बदलतो, मूव्ह बदलते, आणि दुसऱ्या रविवारपर्यंत पानाचा गिरगोटा झालेला असतो.

दुसरी गोष्ट म्हणजे टाइपचा तक्ता (टाइप म्हणजे आग, पाणी असे प्रकार, कुठला कुठल्यावर भारी ते ह्यात कळतं), आणि तो कुठल्या पिढीचा हे आधी विचारून घ्या. पहिल्या गेममध्ये १५ टाइप होते, १९९९ ला गोल्ड-सिल्व्हर आल्या तेव्हा डार्क आणि स्टील धरून १७ झाले, २०१३ ला एक्स-वाय मध्ये फेअरी आला तेव्हा १८. आम्ही फायररेड धरतो म्हणजे १७ वाला. मागं एकानं क्लिफेअरी घेतली, फेअरी टाइप म्हणून ड्रॅगनचं तिला काही होणार नाय ह्या हिशोबानं, आणि आमच्या तक्त्यात क्लिफेअरी साधी नॉर्मल. अर्धा तास भांडण, भडंग गार, चहा गार. (भडंग गारच असतो म्हणा, पण मूड गेला तो गेलाच.)

तपासा: वहीच्या पहिल्या ओळीत ‘१७ टाइप, फायररेड’ असं लिहिलंय का? नसेल तर पुढं वाचायच्या आधी लिहा.

## टप्पा १: प्रदेश

हा दोन मिनिटांचा टप्पा आहे पण चुकला तर पुढचं सगळं चुकतंय. सगळी करिअर सगळ्या प्रदेशात नाहीत. कँटो म्हणजे फायररेडचा प्रदेश, तिथं आठ जिम (प्रत्येकीत एक उस्ताद, हरवला की बॅज) आणि शेवटी एलिट फोर हे चार तगडे, म्हणजे लढणाऱ्यांचं गाव. कॉन्टेस्ट, म्हणजे पोकेमॉनला स्टेजवर सादर करायच्या स्पर्धा, गेममध्ये पहिल्यांदा आल्या त्या होएन प्रदेशात, रूबी-सफायरला, २००२ साली, आणि फायररेडच्या कँटोमध्ये त्या नाहीतच. रेंजरचं जग तर पूर्ण वेगळं, पहिल्या रेंजर गेमचा प्रदेश फिओरे.

आमच्या गच्चीवर सध्या कँटो चालू आहे. ज्याला कॉन्टेस्ट करायच्या आहेत त्याचं पात्र होएनहून आलेलं दाखवतो आणि महिन्यातनं एक रविवार तिकडचा ठेवतो. पण हे मला आधी सांगावं लागतं, ऐनवेळी ‘मास्तर, इथं कॉन्टेस्ट हॉल कुठाय’ म्हणून विचारलं तर मी हॉल बांधून देणार नाय.

## टप्पा २: करिअर

इथं सगळ्यात जास्त वेळ घाला. पानावर एकच प्रश्न लिहा, ‘लढाई नसलेल्या दिवशी माझं पात्र काय करतंय?’, आणि त्याचं उत्तर दोन ओळीत द्या. उत्तर आलं नाय तर तुम्ही करिअर निवडलेलंच नाय, नुसता शब्द लिहिलाय.

ट्रेनर. सगळे हेच घेतात, घेऊ दे, वाईट काही नाही. आठ बॅज, मग एलिट फोर, मग चॅम्पियन. पण ट्रेनरचा लढाई नसलेला दिवस म्हणजे सराव, औषधाचा हिशोब आणि पुढच्या जिमची तयारी. ‘मी फिरतो आणि लढतो’ हे उत्तर मी घेत नाही. पुढची जिम कुठल्या टाइपची आहे, आपल्याकडं तिला उत्तर आहे का, हे लिहून आणा.

ब्रीडर. ह्याच्यावर सगळ्यात जास्त गैरसमज. लोकांना वाटतंय पहिल्या दिवसापासनं अंडीच अंडी. फायररेडमध्ये रूट ५ वरच्या डे केअरला एका वेळी एकच पोकेमॉन ठेवता येतो, तो नुसता वाढतो, अंडं मिळत नाय. जोडी ठेवायचं डे केअर फोर आयलंडवर, आणि तिथं जायला मिळतं लीग, म्हणजे एलिट फोर, जिंकल्यावर. इथं आम्ही घरचा नियम केलाय, रूट ५ वाली जोडी घेते, नायतर ब्रीडर बिचारा वर्षभर बसून राहील. तरी पण रूट ५ सेरुलियनच्या खाली आहे, म्हणजे पहिले काही रविवार तुम्ही फक्त जोडी जमवताय आणि वाटेत लोकांचे पोकेमॉन सांभाळून देताय.

कोऑर्डिनेटर. कॉन्टेस्टवाला. कूल, ब्यूटी, क्यूट, स्मार्ट आणि टफ असे पाच प्रकार, आणि प्रत्येक मूव्ह ह्यातल्या एकात मोडते. लढाई नसलेल्या दिवशी हा बेरी लावतो, बेरी काढतो आणि ब्लेंडरमध्ये घालून पोकेब्लॉक (पोकेमॉनचा खाऊ) बनवतो. हे करायला कंटाळा येणार असेल तर घेऊ नका, कारण स्टेजवर पाच मिनिटं आणि बेरीत पाच दिवस असा हा धंदा आहे. आपल्याकडं द्राक्षबागवाल्याला विचारा, त्याला लगेच कळतंय.

रेंजर. हा पोके बॉल (पोकेमॉन पकडायचा चेंडू) वापरतच नाय. कॅप्चर स्टायलरनं पोकेमॉनभोवती रेघा मारून त्याला शांत करायचं, काम झालं की सोडून द्यायचं. सोबत कायमचा एकच जोडीदार, पहिल्या गेममध्ये प्लसल किंवा मायनन. म्हणजे ज्याला गोळा करायची हौस आहे त्यानं रेंजर घेतला की तिसऱ्या रविवारी रडगाणं सुरू.

संशोधक. प्रोफेसरचा सहायक समजा. पोकेडेक्समध्ये (पोकेमॉनच्या नोंदवहीत) ‘पाहिले’ आणि ‘पकडले’ ह्याची मोजणी वेगवेगळी असते, तुमचं काम दुसरी वाढवायचं. १० जाती पकडल्या की रूट २ वरचा प्रोफेसर ओकचा माणूस फ्लॅश (अंधारात उजेड पाडायची मूव्ह) देतो, हे संशोधकाचं पहिलं टार्गेट म्हणून मस्त आहे. माझं वैयक्तिक मत विचाराल तर नवीन माणसानं हेच घ्यावं, हरलं तरी काम पुढं जातं.

नर्सचं करिअर अजून दोघांनीच मागितलं, आणि दोघांनाही स्टार्टर म्हणून चॅन्सी पाहिजे होती. ती कँटोत सापडता सापडत नाय. सेंटरमध्ये (पोकेमॉनच्या दवाखान्यात) शिकाऊ म्हणून सुरू करा, चॅन्सी सेंटरची.

सावधान: दोन करिअर एकत्र लिहू नका. ‘ट्रेनर कम ब्रीडर कम कोऑर्डिनेटर’ असा बोर्ड दुकानावर शोभतो, ‘झेरॉक्स, रिचार्ज, आधार’ सारखा. पहिले आठ रविवार एकच.

## टप्पा ३: स्टार्टर

आता पोकेमॉन. कँटोत प्रोफेसर ओककडनं पॅलेट टाउनला तिघांपैकी एक मिळतो, बल्बासॉर, चारमँडर, स्क्विर्टल, आणि तिघंही लेव्हल ५ चे. इथं एकच नियम पाळा: तो मोठा झाल्यावर काय होईल ते बघू नका, लेव्हल ५ ते १५ मध्ये काय करतो ते बघा. कारण तुमचे पहिले दीड दोन महिने तिथंच जाणार आहेत.

ट्रेनरचं उदाहरण घेऊ. पहिली जिम प्यूटर सिटीत ब्रॉकची, त्याच्याकडं लेव्हल १२ चा जिओड्यूड आणि लेव्हल १४ चा ओनिक्स, दोन्ही रॉक आणि ग्राउंड.

स्क्विर्टलला लेव्हल ७ ला बबल येतं. पाण्याचा मारा रॉकवर दुप्पट, ग्राउंडवर दुप्पट, मिळून चौपट. ब्रॉक संपला. बल्बासॉरला लेव्हल १० ला व्हाइन व्हिप, तिथंही चौपट. आणि चारमँडर? त्याचं ओरखडणं रॉकवर अर्धं, लेव्हल ७ ला येणारी एम्बर पण अर्धी. लेव्हल १३ ला मेटल क्लॉ येतं, ते स्टील टाइपचं म्हणून दुप्पट बसतं, तोपर्यंत दम काढावा लागतो. म्हणजे चारमँडर घेऊ नका असं नाय, पण मग पानावर लिहा की मी १३ पर्यंत थांबणार, किंवा रूट २२ वर जाऊन मँकी पकडणार, फायटिंगवाला आहे, रॉकला बरा. हे लिहिलेलं नसलं की काय होतंय ते मी चार वेळा बघितलंय, गडी सरळ लेव्हल ९ वर ब्रॉककडं जातो, हरतो, आणि मग फासे खराब आहेत म्हणतो.

संशोधकाला मात्र लढाई जिंकायची नसते, समोरचा जिवंत ठेवून पकडायचा असतो. त्याला बल्बासॉर. लेव्हल १५ ला त्याला विषाची आणि झोपेची अशा दोन्ही पावडरी येतात आणि झोपलेला पोकेमॉन पकडायची शक्यता फायररेडच्या हिशोबात दुप्पट धरतात. संशोधकानं चारमँडर घेतला की प्रत्येक दुर्मिळ पोकेमॉन भाजून खाली पडतो आणि पोकेडेक्स रिकामा तो रिकामा.

होएनचा कोऑर्डिनेटर असेल तर ट्रीको, टॉर्चिक, मडकिप. क्यूटमध्ये उतरायचं असेल तर टॉर्चिक, ती गुरगुर घेऊनच येते आणि गुरगुर कॉन्टेस्टमध्ये क्यूट धरतात. (लढाईत जिला कुणी विचारत नाय ती मूव्ह इथं कामाला येते, म्हणून तर म्हणतोय करिअर आधी.)

तिघांव्यतिरिक्त दुसरा पाहिजे असेल तर मी सहसा हो म्हणतो, पण हे तीन मागू नका. ड्रॅटिनी, कारण तो लेव्हल ३० ला एकदा आणि ५५ ला परत बदलतो, तोपर्यंत तुमच्या आमच्या पोरांची लग्नं होतील. ॲब्रा, कारण लेव्हल १६ पर्यंत त्याला फक्त टेलिपोर्ट येतं, म्हणजे पळून जायला. आणि मॅजिकार्प, सगळ्यांना ती आयडिया स्वतःलाच सुचली असं वाटतंय, लेव्हल २० ला गॅराडॉस होणार म्हणून, पण वीस लेव्हल पाण्याबाहेर तडफडायचं नाटक तुम्ही करणार आणि मार बाकीच्या टीमला बसणार. त्यापेक्षा सुरवंट बरा, कॅटरपी लेव्हल ७ ला कोष आणि १० ला फुलपाखरू, नवीन माणसाला बदल होताना लवकर बघायला मिळतो.

तपासा: स्टार्टरच्या नावाखाली आज येणाऱ्या मूव्ह आणि पुढची मूव्ह कुठल्या लेव्हलला येणार ते लिहिलंय का? एवढंच लिहा. लेव्हल ३६ चं काय ते पुढचं पुढं.

## टप्पा ४: नर का मादी, आणि नेचर

आता त्या आठ चिठ्ठ्या. स्टार्टरमध्ये नर ८७.५ टक्के आणि मादी १२.५, म्हणजे आठात एक. सात चिठ्ठ्यांवर नर, एकीवर मादी, घडी घालून भडंगाच्या रिकाम्या पिशवीत टाका, हलवा, एक काढा. जी निघेल ती. परत काढायची नाय, पिशवीत बोट घालून चाचपायचं नाय, कोपरा दुमडलेली चिठ्ठी ओळखायची नाय (आमच्यात एक आहे, त्याची सलग तिसऱ्यांदा मादी निघाली तेव्हापासनं चिठ्ठ्या मी बनवतो).

बाकीच्यांना ह्यानं फरक पडत नाय, ब्रीडरला लई पडतो. माझ्या आत्याचा पोरगा मिरजेहून येतो, त्यानं ब्रीडर घेतलेला, स्टार्टर चारमँडर, चिठ्ठी निघाली नर. हा खूश, निडोरानची मादी पकडली, दोघांचा अंड्याचा गट जुळतोय ते पण बघून ठेवलेलं, जोडी डे केअरला ठेवली आणि चारमँडरची पिल्लं विकायचा हिशोब मांडून बसला. अंडं फुटलं, आत निडोरान. पिल्लू आईच्या जातीचं होतं, बापाच्या नाय. ‘दादा, मग ह्या नराचा उपयोग काय?’ मी म्हटलं डिट्टो शोध, त्याची जवळजवळ कुणाबरोबरही जोडी जमते, डिट्टोबरोबर ठेवलास तर चारमँडरच होणार.

तिथंच थांबलं असतं तर ठीक, पण पुढच्या रविवारी त्यानं हौसेनं ती निडोरान वाढवली. लेव्हल १६ ला ती निडोरिना झाली आणि निडोरिना अंडी देत नाय. झाला धंदा बंद. मादी निडोरान ब्रीडिंगला ठेवायची असेल तर तिच्या गळ्यात एव्हरस्टोन (रूप बदलू न देणारा दगड) बांधा, नायतर १५ वर थांबवा.

अजून एक, अंडं उबवायला चालावं लागतं. मॅजिकार्पचं १,२८० पावलात फुटतं, स्टार्टरचं ५,१२० लागतात. आम्ही ‘एका रविवारी १,२८० पावलं’ धरतो, म्हणजे चारमँडरच्या अंड्याला चार रविवार. ब्रीडरनं हे कोष्टक पानाच्या मागं काढून ठेवायचं.

नेचर म्हणजे पोकेमॉनचा स्वभाव, ते २५ आहेत, त्यातले ५ काहीच करत नाहीत, बाकीचे एक आकडा १० टक्के वाढवतात आणि दुसरा १० टक्के कमी करतात. आम्ही नेचर निवडू देतो, फासे नाहीत, आणि तरी पण लोक चुकतात कारण नव्या गेमची माहिती वाचून येतात. उदाहरण, चारमँडरला ॲडमंट. ॲटॅक वाढतो, स्पेशल ॲटॅक घटतो. पण फायररेडमध्ये फायर टाइपच्या सगळ्या मूव्ह स्पेशल ॲटॅकवर चालतात, प्रत्येक मूव्हचं वेगळं ठरायला लागलं ते डायमंड-पर्लपासनं, २००६ ला. म्हणजे ॲडमंट घेऊन तुम्ही स्वतःच्या हातानं आग बारीक केली. मॉडेस्ट घ्या.

कोऑर्डिनेटरनं नेचर आकड्यासाठी नाय, चवीसाठी बघायचा. मॉडेस्टला कोरडी चव आवडते, तिखट नाय, आणि कोरड्या चवीचा पोकेब्लॉक ब्यूटी वाढवतो. ॲडमंटचं बरोबर उलटं, तिखट आवडतं, त्यानं कूल वाढतं. पोकेब्लॉक किती खाणार ह्याला पण मर्यादा आहे, एकदा पोट भरलं की तो परत घेत नाय, म्हणून सुरुवातीचे हलके पोकेब्लॉक खायला घालून जागा वाया घालवू नका.

## टप्पा ५: पिशवी

सुरुवातीला खेळातले पैसे ३,००० मिळतात. पोके बॉल २००, पोशन (एचपी भरायचं औषध) ३००, अँटिडोट (विषावरचं औषध) १००. ट्रेनरनं १० बॉल, ३ पोशन, १ अँटिडोट घेतलं की बरोबर ३,००० संपतात, आणि मला वाटतं नवीन माणसाला हीच यादी बरी. अँटिडोट काढून अजून काही घ्यायचा मोह होतो, करू नका, विरिडियनच्या जंगलात वीडल आहेत, विष लागलं की चालताना पण एचपी जातो आणि परत सेंटर गाठेपर्यंत गडी आडवा. सेंटर फुकट आहे पण सेंटर जंगलात नाय.

संशोधकानं पोशन एकच घ्यावं, बॉल जास्त. रेंजरला बॉल लागत नाहीत, त्याचे पैसे बाकीच्यांनी उसने मागू नयेत.

## टप्पा ६: मित्राचा तगडा पोकेमॉन घ्यायचा का?

हे दर वेळी कुणीतरी विचारतं. जुना खेळाडू म्हणतो, हा घे माझा लेव्हल २५ वाला, आणि नवीन गडी हरखून जातो. अदलाबदलीचा पोकेमॉन अनुभव दीडपट घेतो हे खरं, पण बॅज नसताना तो लेव्हल १० पर्यंतच ऐकतो. सेरुलियनचा कास्केड बॅज मिळाला की ३० पर्यंत. म्हणजे २५ वाला घेऊन ब्रॉकसमोर उभं राहिलात तर तो झोपणार, तोंड फिरवणार, मनाला येईल ते करणार, आणि मी ते अगदी चवीनं वर्णन करून सांगणार.

टीममध्ये सहाच, प्रत्येकाला मूव्ह चारच, सातवा पकडला की तो पीसीच्या बॉक्समध्ये जातो. हे माहीत असून लोक सात नावं लिहून आणतात.

## रविवारच्या आधी

पानाचा फोटो शनिवारी रात्री नऊपर्यंत ग्रुपवर टाका, उजेडात काढा, अंगठा मध्ये येऊ देऊ नका. मी चार गोष्टी बघतो: प्रदेश आणि करिअर जुळतंय का, दोन ओळीचं उत्तर आहे का, स्टार्टरच्या आजच्या मूव्ह लिहिल्यात का, पिशवीची बेरीज ३,००० च्या आत आहे का. काही चुकलं असेल तर रात्रीच सांगतो. दुसऱ्या रविवारपर्यंत करिअर बदलता येतं, स्टार्टर नाय. आणि चिठ्ठी घरी काढून आणू नका, ती गच्चीवर सगळ्यांसमोरच निघंल.